बस नावाची बोट

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने निदान लांब तरी जायला हवे. मी गेलो तो धारवाडजवळच्या बेलूरहून कलघटगीच्या थोडे पुढे, आणि तेही टेम्पोच्या हौद्यात एका बोटीला धरून. एवढ्यावर काही लिहावे असे मला कधी वाटले नव्हते. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिला. अळणावरजवळच्या गावात आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला जातात. लिहिण्याचा संबंध आमच्याकडे सहीपुरता. पण कॉलेजच्या अंकासाठी सरांनी मागितले आणि मला नाही म्हणता आले नाही. वाचणाऱ्यांनी चूकभूल पोटात घालावी, ही आधीच विनंती.

मी तेव्हा पी.यू.सी.च्या (महाराष्ट्रातली अकरावी-बारावी) पहिल्या वर्षाला होतो. माझा परसूमामा बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये वेल्डिंग करायचा. दुधाच्या गाड्यांच्या टाक्या बनवणे हे त्याचे नेहमीचे काम. तिथे एकदा हुबळीचे देसाईसाहेब एक रंगीत पुस्तक घेऊन आले. बरीच वर्षे अमेरिकेत काढून ते परत आले होते. तिकडच्या तळ्यांत बास नावाचा मासा असतो, तो गळाने पकडायचा लोकांना मोठा शौक आहे, आणि त्यासाठी ॲल्युमिनियमची खास बोट मिळते. आपल्याकडे बास नाही. पण मरळही तशीच चपळ आणि आमिषावर तुटून पडणारी, तेव्हा तिच्यासाठी तशीच बोट बनवून द्या, असे त्यांचे म्हणणे.

पुस्तक इंग्रजीत होते, म्हणून मामाने मला बोलावून घेतले. त्यात ‘डीप-व्ही’ हा शब्द पानोपानी होता. मी जमेल तसे समजावले की या बोटीचा तळ सपाट नसतो. मधोमध धार असते, ती पुढच्या टोकापासून मागपर्यंत जाते आणि लाटा कापते.

“म्हणजे घराचं छप्पर उलटं घालायचं,” मामा म्हणाला. “मग त्यात उभं कसं राहायचं रे?”

“पुस्तकात माणूस उभा आहे, मामा.”

“फोटो काढण्यापुरता उभा असंल.”

तरी त्याने बोट मन लावून केली. श्रावणातल्या एका सकाळी आम्ही ती टेम्पोत चढवली. तळाला धार असल्यामुळे ती सरळ उभी राहीना. दोन्ही बाजूंना जुने टायर आणि भुशाची पोती लावली, आणि उरलेल्या आधारासाठी मला आत बसवले. टेम्पोवाल्याचे नाव यल्लप्पा. त्याने एकदा बोटीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “तम्मा (धाकट्या भावा), ही पडली तर तू उडी मार. तिला धरू नको.”

साहेबांना घ्यायला आणि दोर विकत घ्यायला हुबळीत शिरावे लागले. दुर्गदबैलाच्या बाजारात टेम्पो थांबला की पुढे हातगाडी, मागे ऑटो, आणि दोन्हीकडून शिव्या. दोराच्या दुकानापुढे एका हमालाने बोटीवर टिचकी मारून पाहिली.

“हे काय म्हणायचं?”

“बास बोट,” मी म्हणालो.

“बस?”

“बस नाही. बास. बी, ए, एस, एस.”

“तेच की. बस्सु.” त्याने मागे वळून ओरडून सांगितले, “बस-बोट आहे रे. पाण्यावरची बस.”

यल्लप्पाला हे फार आवडले. साहेब पुढे येऊन बसले तरी तो खिडकीतून दिसेल त्याला तेच सांगत सुटला. मी हौद्यातून दोनदा “मासा, मासा” असे ओरडून पाहिले. मग सोडून दिले.

कलघटगीला आम्ही गिरमिट (कांदा-टोमॅटोच्या मसाल्यात कालवलेले चुरमुरे) आणि मिरचीभजी खाल्ली. बाजाराचा दिवस होता. हॉटेलातल्या बाकावर यल्लप्पाने बोटीची पुन्हा ओळख करून दिली, या खेपेला तिकीटदरासकट. साहेब त्या वेळी बाहेर गळाच्या काठ्या मोजत होते. भजी संपेपर्यंत समोरून एक सरकारी बस सुटून गेली. तिच्यातून आमची बातमी आमच्या पुढे पोहोचणार आहे, हे आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आले नाही.

तलाव मुख्य रस्ता सोडून आत, हिरेगुड्ड या गावाला लागून आहे. पहिल्यांदा दिसला तेव्हा तो मला तलावापेक्षा पाण्याखाली गेलेल्या रानासारखा वाटला. काठाला झाडांचे शेंडे पाण्याबाहेर होते, मधे राखाडी पाणी, आणि पलीकडे लाल कौलांची एक वस्ती. तिला आच्चेकेरी (पलीकडची गल्ली) म्हणतात. पावसाळ्यात मधला खोलगट भाग भरला की त्या वस्तीचा रस्ता तुटतो. मग हरिगोल, म्हणजे परातीसारखी गोल बांबूची नाव, तेवढाच मार्ग.

काठावर माणसे वाट पाहत बसली होती. पिशव्या, शेंगांचे पोते, एक कोंबडा. आमचा टेम्पो थांबताच सगळी उठली. सर्वांत पुढे होती नीलव्वा नावाची बाई आणि तिची मुलगी रेणुका. पुढचे सगळे बोलणे कानडीत झाले. मी ते मराठीत देतो आहे.

“बस कधी सुटणार, री (अहो)?” नीलव्वाने साहेबांना विचारले.

साहेबांना कळेना. मी खुलासा केला. बास हा मासा आहे, तो अमेरिकेत असतो, ही बोट त्याच्यासाठी आहे. नीलव्वाने शांतपणे ऐकून घेतले.

“मासा अमेरिकेत आणि त्याची बोट इथं?” ती म्हणाली. माणसे पुन्हा खाली बसली, पण कुणी गेले नाही.

मासेमारीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. मरळ काठच्या गवतात, उथळ पाण्यात राहते. आमच्या बोटीची धार तिथे चिखलात रुतायची. गवतापासून लांब खोल पाण्यात बोट छान चालायची, पण तिथे मरळ नव्हती. साहेब पुढच्या फळीवर उभे राहून आमिष फेकत. दर फेकीला हलकी बोट या कुशीवरून त्या कुशीवर होई आणि मामा दोन्ही हातांनी कड धरून डोळे मिटून घेई. दुपारी आम्ही हात हलवत काठाला आलो.

काठावर नीलव्वाने भाकरी आणि शेंगांची चटणी आमच्यापुढे सरकवली. खाताना ती माझ्याशी बोलली. रेणुका सातवी झाली होती. आठवीची शाळा अलीकडे, हिरेगुड्डला. “हिचा बाप म्हणतो, वाऱ्यात पोरीला हरिगोलात घालून शाळा नको. दसऱ्यापर्यंत पाणी उतरत नाही. तोवर घरी बसली की मग कसली शाळा? बस येणार असं ऐकलं, म्हणून आज हिला मुद्दाम घेऊन आले. म्हटलं, आधी बघू तरी.”

रेणुका बोटीकडे पाहत होती. तिने मला विचारले, “तुम्ही कॉलेजला कशानं जाता?”

“बसनं.”

तिने मान हलवली, जणू तिचा मुद्दा सिद्ध झाला.

तेवढ्यात वारा सुटला. पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठल्या. हरिगोल चालवणाऱ्या फकीरप्पाने वल्हे झाडाला टेकवले आणि विडी पेटवली. “आज नाही,” तो म्हणाला. कुणी वाद घातला नाही. फक्त नीलव्वा उठून साहेबांपुढे उभी राहिली.

“अक्का, ही बस नाही,” साहेब म्हणाले. “माशाची बोट आहे.”

“मासा तर एक पण बसला नाही त्यात. माणसं तरी बसू द्या.”

साहेब दिवसभरात पहिल्यांदाच हसले. मग त्यांनी हाताने या अशी खूण केली.

माणसे चढली, पोते चढले, कोंबडा चढला. मामा मोटरीपाशी, मी मधे. साहेब सवयीने पुढच्या फळीवर उभे राहिले. काठ सुटताच पहिली लाट आडवी आली, बोट कलंडली आणि मामा मागून ओरडला, “बस! बस!”

“बस नाही म्हणून सांगितलं ना,” साहेब मागे न वळता म्हणाले.

“तसं नाही हो साहेब. खाली बसा.”

साहेब बसले ते जवळजवळ नीलव्वाच्या पोत्यावर. ते बसताच एक गोष्ट झाली, ती मला नीट लिहिता आली पाहिजे. सकाळपासून डुलणारी बोट शांत झाली. सगळे वजन खाली आले आणि ती धार पाण्यात रुतून बसली. समोरची लाट यायची, दुभंगायची आणि दोन्ही बाजूंनी निघून जायची. आत फक्त तुषार येत. पुस्तकात मी वाचलेले सगळे खरे होते. फक्त त्यात शेंगांचे पोते नव्हते. रेणुका कडेवरून वाकून पाणी कापले जाताना पाहत होती.

पलीकडे धार काठापासून बरीच आधी टेकली. सर्वांना गुडघाभर चिखलातून जावे लागले. नीलव्वा पोते डोक्यावर घेऊन उतरली, आणि मागे वळून तिने मला विचारले, “सोमवारी किती वाजता?”

मी म्हणालो, “विचारून सांगतो.”

आम्ही अलीकडच्या काठाला परतलो. टेम्पोला दुसरे भाडे लागले होते, म्हणून बोट साहेबांनी काठच्या झाडाला बांधून ठेवली आणि फकीरप्पाला लक्ष ठेवायला सांगितले. “पुढच्या रविवारी बघू,” ते म्हणाले. मी त्यांना सोमवारचे विचारले. त्यांनी ऐकले की नाही, सांगता येत नाही. आम्ही सरकारी बसने हुबळीला आणि तिथून मी धारवाडला आलो. बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली होती. रोज ज्या बसमध्ये उभे राहावे लागते म्हणून मी कुरकुर करायचो, तिच्याकडे त्या संध्याकाळी मी जरा वेगळ्या नजरेने पाहिले, एवढेच या प्रवासाचे फलित म्हणता येईल.

पुढे मामाकडून एवढेच कळले की साहेब मोटर काढून घेऊन गेले आणि नंतर अमेरिकेला परतले. बोटीचे काय झाले, त्याला ठाऊक नव्हते. मला तिकडे जायचे होते, पण परीक्षा आल्या, मग बी.ए.चा प्रवेश, आणि विचारून सांगतो म्हटलेले तसेच राहिले.

या वर्षी दुर्गदबैलात यल्लप्पा अचानक भेटला. टेम्पो तोच. मी बोटीबद्दल विचारले.

“बस? चालते की. मोटर नाही, दोघं जण वल्ही मारतात. वाऱ्यातसुद्धा जाते. मोकळी असली की नाचते, म्हणून फकीरप्पानं तळात दगड ठेवलेत. माणूस चढला की दगड काढायचा, उतरला की ठेवायचा.”

“आणि ती नीलव्वाची मुलगी? रेणुका?”

“ती रोजची होती. तिचा दगड काठावर वेगळाच पडलेला असायचा, तीन वर्षं तो बोटीत ठेवायची वेळ आली नाही.” यल्लप्पाने टेम्पोची किल्ली फिरवली. “आता तिच्या जागी तोच ठेवतात.”

मला काय वाटले ते त्याला दिसले असावे. त्याने गाडी पुन्हा बंद केली.

“अरे तम्मा, दहावी झाली तिची. कलघटगीला हॉस्टेलात राहते. कॉलेजला.”