केकमधल्या सहा अंगठ्या

धाकट्या बहिणीचा नवरा इथला, सिंगापूरचाच, ख्रिस्ती. त्यांच्या पद्धतीने लग्नाच्या केकमध्ये रिबिनींना बांधलेल्या चिमुकल्या वस्तू दडवायच्या होत्या. लग्न न झालेल्यांनी एकेक रिबीन ओढायची. ज्याला अंगठी मिळेल त्याचं लग्न सगळ्यात आधी. "ताईच्या रिबिनीला अंगठी बांध गं," असं आईने बहिणीला बजावलंय हे कळल्यावर मी भडकलेच.

आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, हॉलमध्ये आम्ही सहा मुलामुलींनी रिबिनी ओढल्या, तर सहाही अंगठ्या! प्रत्येकाच्या आईने गुपचूप हेच सांगितलं होतं आणि बहिणीने कुणालाच नाही म्हटलं नव्हतं.

मला वाटलं, आता तरी आई ओशाळेल. ती माझ्या शेजारच्या अंगठीवाल्याच्या आईला विचारत होती, "याची पत्रिका इथेच आहे, की पुण्याला?"