खोकल्यासकट गाणं: शारजातून एका इंग्रजी मैफलीला

इंग्रजी गाण्यांच्या कार्यक्रमाला मी गेले, कारण नातीची मैत्रीण आजारी पडली आणि तिकीट वाया जात होतं. पावणेदोनशे दिरहम, म्हणजे चार हजार रुपये! एवढ्यात आमच्या गावचं अख्खं भजनी मंडळ जेवून जाईल. (मी सांगतेय, धाकटी सून लिहितेय. मला अक्षर येत नाही, पण तिने काही गाळलं की बरोबर कळतं.)

महिनाभर मुलाकडे, शारजाच्या अल नहदात राहायला गेले होते. मनात एकच होतं. आमचे हे तिथल्या औद्योगिक भागात लेथवर एकोणीस वर्षं राबले, ती जागा बघायची. हे जाऊन वीस वर्षं झाली. चेहरा फोटोत आहे, आवाज मात्र मला आठवेनासा झालाय. वाटलं, तिथे उभी राहिले तर आठवेल. शुक्रवारी सकाळी मुलाने गाडीतून नेलं. तुम्हालाही जायचं तर तीच वेळ बरी, ट्रक कमी असतात. जागेवर टायरचं दुकान निघालं. पाच मिनिटं उभी राहिले. रबराचा वास आला, बाकी काही नाही.

शनिवारी इरा, म्हणजे नात, म्हणाली, "आजी, यू विल गेट बोअर्ड."

"तुझ्या बापाच्या लग्नात चार तास बसले होते मी. चल!"

कार्यक्रम दुबईला, अल कूझमधल्या एका गोदामात. टॅक्सीला पंचाहत्तर दिरहम पडले. संध्याकाळी शारजातून निघायचं तर दीड तास हाताशी ठेवा. बाहेर दोन दिरहमला करक, म्हणजे वेलची घातलेला कडक दुधाचा चहा मिळतो, तो आधीच पिऊन घ्या. आत एसी असा की शाल हवीच. सगळे उभेच होते. मी पांढरे केस दाखवले, खुर्ची आली.

गाणारा दाढीवाला इंग्रज, हाती गिटार. सोबत फिडलवाली बाई आणि ढोलवाला. गाणी स्वतःच लिहितो म्हणे.

"काय म्हणतोय गं?"

"ही मिसेस हिज टाऊन, आजी. समुद्राजवळचं गाव आठवतं त्याला."

"एवढंच? हे तर शारजात फुकट ऐकायला मिळतं."

मग त्याने पायाखालची एक पेटी दाबली, थोडं गुणगुणला, पुन्हा दाबली. पेटी तेच गुणगुणणं फिरवून फिरवून ऐकवू लागली. त्यावर तो दुसरा सूर गायला, मग तिसरा, तरी पहिला तसाच! आणि गुणगुणताना मध्ये तो खोकला होता. तो खोकलाही दर फेरीला येऊ लागला. लोक हसले. इरा म्हणाली, तो डिलीट करू शकतो. त्याने केला नाही. ढोलवाल्याने तर नेमक्या खोकल्यावर थाप धरली.

माझं हसू तिथेच थांबलं.

आमच्या दोघांत एक कॅसेट होती. मला पत्र वाचता येईना, म्हणून हे बोलून पाठवायचे, रजेवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती. मी एकदा ऐकायची आणि त्याच्यावरच माझं भरून परत पाठवायची. त्यांचं पुसलं जायचं. ते माझं पुसून पुन्हा बोलायचे. लेथच्या धुळीने त्यांना खोकला, दर चार वाक्यांना. मीच दटावलं होतं, "खोकायचं तर बटण बंद करून खोका, टेप वाया जाते." पुढच्या वेळेपासून एकदाही खोकले नाहीत.

इराला हे सांगितलं. तिने मराठीत विचारलं, "आजोबा कसे खोकायचे?"

मी खोकून दाखवलं. पुढची गोरी बाई वळून पाण्याची बाटली देऊ लागली! इरा हसली, मग माझा हात धरून राहिली. आवाज मला तिथेही आठवला नाही. खोकला तेवढा आठवला.

आता गावी परतून दोन महिने झाले. शारजातून काय आणलं म्हणाल तर खजूर संपले, अत्तर सुनेने घेतलं. इरा फोनवर बोलून निरोप पाठवते. पहिला आला तो अगदी स्वच्छ मराठीत, एका दमात. मी विचारलं, "कितव्यांदा बोललीस?"

"सातव्यांदा. आधीचे डिलीट केले, चुका होत्या."

"पुसू नकोस. चुकलेलंच पाठव."

काल तीन मिनिटांचा आला. निम्मा वेळ ती "त्याला काय म्हणतात" करत शब्द शोधतेय, मागून आई जेवायला हाक मारतेय, मध्ये एक शिंक. मी तीनदा ऐकला. उत्तर त्याच्यावरच भरायचं नव्हतं, मी घाई केली नाही.