पिंपळपानाची पिपाणी

चैत्रात आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळचा पिंपळ तांबूस पालवीने नुसता झळझळत असतो. काल संध्याकाळी माझी पाच वर्षांची नात खालून एक पान घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, ह्याचं काहीतरी करून दे ना."

आता काय आठवणार, असं म्हणेपर्यंत बोटं कामाला लागलीसुद्धा. पानाची घट्ट सुरळी झाली, एक टोक चिमटीत दाबलं गेलं. फुंकून पाहिलं, तर नुसती हवा.

तेव्हा अण्णा आठवले, माझे वडील. एरवी भारी कडक. पण पिंपळाला पालवी फुटली की मला पिपाणी करून देणारच. सुरळीचं टोक ते दातांनी हलकेच चावून चपटं करायचे, एकदा वाजवून बघायचे आणि मग माझ्या हातात द्यायचे. ती ओलसर पिपाणी मी "शी, उष्टी!" म्हणत फ्रॉकला पुसायचे. अण्णा मात्र मी ती फुंकेपर्यंत तिथून हलत नसत.

मीही टोक चावलं. पिपाणी बदकासारखी बारीकशी वाजली. ती मी नातीपुढे धरली.

"ई आजी, उष्टं!" म्हणत तिने ती फ्रॉकला खसाखसा पुसली आणि गाल फुगवले.

स्वयंपाकघरातून भाजी करपल्याचा वास येत होता. मी जागची हलले नाही.