भांडायला कोणीतरी हवं

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलीइतकं भांडणावर मनापासून प्रेम करणारं माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. वय वर्षं अकरा. लिफ्टचं बटण आधी कोणी दाबलं इथपासून आंब्याला फळांचा राजा कोणी केलं इथपर्यंत, कुठल्याही विषयावर ती कंबर कसून उभी राहते. एकदा माझ्या आडनावाच्या स्पेलिंगवरून कुरिअरवाल्याशी भांडली आणि जिंकलीही. स्पेलिंग त्याचंच बरोबर होतं.

आठव्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर झाला. अडीच वर्षं उपचार चालले. ती बरी होऊन आली, गेलेले केस परत आले, तेही कुरळे. पण भांडणारी माणसं काही परत आली नाहीत. शाळेत बाई तिला गृहपाठ विचारेनात. पार्किंगमधल्या क्रिकेटमध्ये तिचा त्रिफळा उडाला की पोरं एकमेकांकडे बघत म्हणायची, "नो बॉल होता." शेवटी एक दिवस ती बॅट टाकून माझ्याकडे आली.

"काका, माझ्याशी कोणी भांडतच नाही."

मी ताबडतोब बुद्धिबळ मांडलं, प्रत्येक चालीवर हुज्जत घातली आणि हळूच माझा वजीर तिच्या घोड्याच्या माऱ्यात नेऊन ठेवला. तिने पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्हीपण?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली. मी पट आवरला.

पुढच्या महिन्यात तळमजल्यावर दिवाळे गावातलं एक कोळी कुटुंब राहायला आलं. त्यांची मुलगी हिच्याच वयाची. पहिल्याच दिवशी तिने हिचा त्रिफळा उडवला. पोरांनी सवयीने नो बॉल दिला आणि एकाने तिच्या कानात कारणही सांगितलं.

"कॅन्सर व्हता ना? आता नाय ना?" ती म्हणाली. "मंग आउट हाय."

त्यावर आमच्या बाईसाहेब, तो खरोखरच नो बॉल होता म्हणून, घसा बसेपर्यंत अर्धा तास भांडल्या. हिची आई वर गॅलरीत उभी होती. तिने हाक मारली नाही.

आता माझ्यासाठी तिला वेळ नसतो. मागच्या आठवड्यात तपासणीला निघताना मात्र दारात थांबली. "काका, उशीर झाला तर तिला सांगा, माझी बॅटिंग बाकी आहे."

मी खाली जाऊन निरोप दिला. "मी काय थांबनार नाय," ती म्हणाली.

पार्किंगमधले दिवे लागले, बाकीची पोरं घरी गेली, तरी ती बॅट मांडीवर घेऊन गेटजवळ बसून होती. मग मीही वर गेलो नाही.