मामांची साखर उतरली

डायबेटीस हा आजार देवाने आमच्या मामेसासऱ्यांना बोलायला विषय मिळावा म्हणूनच निर्माण केला असावा. साखर आहे आणि मामांचा सल्ला मात्र मिळालेला नाही, असा माणूस अख्ख्या निपाणीत सापडणं कठीण. सल्ला फुकट, घरपोच आणि न मागता. मामींनाही साखर आहे, त्यामुळे त्यांचे तर ते मुख्य डॉक्टरच. इंजेक्शन किती घ्यायचं आणि कधी चुकवायचं हे मामा ठरवणार, आणि मामी निमूटपणे मान डोलावणार.

त्यांचं स्वतःचं पथ्य पाहण्यासारखं होतं. चहात साखरेचा कण चालायचा नाही. पंगतीत जिलेबी आली की पानावर आडवा हात. त्याच हाताने मग लोणच्याचा खार भातावर ओतायचे, कारण मिठात साखर नसते. तंबाखूतही नसते, शिवाय तंबाखूच्या व्यापारात जन्म गेलेल्या माणसाने ती सोडणं ही त्यांच्या मते धंद्याशी बेइमानी. ब्लडप्रेशरची गोळी ते फक्त राग आला की घेत. विचारलं तर म्हणाले, "डोकं तापलं न्हाय, तर गोळी कशापायी वाया घालवायची?" साखर उतरावी म्हणून पहाटे लांबवर चालायचे, चालून गुडघे धरायचे, मग गुडघ्यांसाठी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज घ्यायचे आणि बरोबर चालणाऱ्यांनाही वाटायचे. डॉक्टर दर खेपेला लघवी तपासून आणा म्हणत. मामांना तो अपमान वाटे. आजार रक्ताचा, मग तपासणी भलतीकडची कशाला, असं ते डॉक्टरांनाच समजावून सांगत.

आणि गेल्या दिवाळीनंतर चमत्कार झाला. मामांची साखर आपोआप उतरू लागली. इंजेक्शन निम्मं केलं तरी उतरलेलीच, कधीकधी तर दरदरून घाम सुटून चक्कर येण्याइतकी. डायबेटीस हरल्याची घोषणा करून मामा बसने बेळगावला आले आणि कुंद्याच्या मिठाईचे डबे घेऊनच अनगोळ भागातल्या आमच्या दारात उभे राहिले. या आनंदात मामींचं इंजेक्शनही आपण निम्म्यावर आणलंय, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. माझ्या बायकोचं लक्ष मात्र त्यांच्या पायांकडे गेलं. चपला काढल्या तरी पट्ट्यांचे खोल वळ सुजलेल्या पायांवर तसेच होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. या वेळी रक्ताबरोबर लघवीही तपासली गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे बोलत होत्या. "काका, साखर बरी झालेली नाही," त्या म्हणाल्या. "टोचलेलं इन्सुलिन शरीरातून काढून टाकायचं काम बरंचसं किडन्या करतात. तुमच्या किडन्या थकल्यात, म्हणून थोडंसं इंजेक्शनही जास्त वेळ टिकतंय." मग त्यांनी मीठ, तंबाखू, ब्लडप्रेशर, दुखण्याच्या गोळ्या, एकेकाची चौकशी केली. मामा प्रत्येक वेळी होकारार्थी मान हलवत होते. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळू, असं बाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसून त्यांनी मामींना फोन लावला. कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"हे बघ, इंजेक्शन डॉक्टरनं सांगितलंय तेवढंच घे. उद्याच जाऊन किडनी तपासून घे. माझं काय ऐकू नको."

सगळ्या संसारात हे वाक्य मामींनी पहिल्यांदाच ऐकलं असणार. मग त्यांनी हळूच विचारलं, "अवो, लई बिघडलंय काय तुमचं?"

मामांनी फोन माझ्या हातात दिला.

मामींच्या किडन्यांचं वेळेत तपासल्यामुळे निभावलं. मामा आता पाणीसुद्धा मोजून पितात. परवा माझीच साखर थोडी वाढलेली निघाली, तेव्हा मी मुद्दाम त्यांना फोन करून काय करू म्हणून विचारलं. "डॉक्टरला इचारा, जावयबापू," एवढंच म्हणाले. त्यांनी तासभर माझं डोकं खाल्लं असतं तर फार बरं वाटलं असतं.