वहीत उतरलेली माणसं

“आधी हात धुवा, मग भ्या,” असं डॉक्टर शालिग्रामराव दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. स्वतः मात्र कोपरापर्यंत हात धुतानाही ते भीत असत, आणि हे देवासात कुणालाच ठाऊक नव्हतं.

शालिग्रामराव मूळचे धारचे. एकोणीसशे पाचच्या सुमारास देवासच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करू लागले. लिहिण्याचा त्यांना भारी नाद. ज्याच्यावर उद्या सुरी चालवायची, त्याच्या खाटेशी आदल्या दुपारी बसायचं. गाव, लग्न, भांडणं, सगळं विचारून वहीत उतरवायचं. एका वर्षी वहीत उतरलेली तीन माणसं ओळीनं गेली. तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं, की आपली लेखणीच माणसाला नेते. वही त्यांनी कपाटात कुलपाखाली टाकली.

मग मानाजी आला. पागेत घोड्यांची निगा राखणारा गडी, मुतखड्यानं पिळवटून निघालेला. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती, आणि आदल्या दुपारी डॉक्टर वहीत लिहून घेतात, हे त्यानं ऐकलं होतं. दुपार टळली तरी डॉक्टर वही घेऊन येईनात, तेव्हा तो उठून बसला.

“साहेब, माझं कधी लिहिणार?”

“तुझं नाही लिहायचं.”

मानाजीनं बायकोकडं पाहिलं. “सगुणे, गाठोडं बांध. मी काही यातून वाचत नाही, म्हणून साहेब शाई वाया घालवत नाहीत.”

“लिहा की हो दोन ओळी!” सगुणाबाई कळवळली. “घोड्यांच्या लाथा खाल्ल्यात त्यांनी, त्या लिहा. माझ्या शिव्या खाल्ल्या, त्याही लिहा!”

मानाजी भिंत धरत खरोखरच दारापर्यंत गेला. तसाच गेला तर महिनाही काढणार नाही, हे डॉक्टरांना दिसत होतं. लिहिलं तर उद्याच जाईल, असंही वाटत होतं. अखेर त्यांनी कुलूप काढलं.

लेखणी धरलेला हात असा थरथरत होता, की मानाजीच म्हणाला, “साहेब, उद्या सुरी हाच हात धरणार ना?”

“हाच,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी पहिली ओळ लिहिली.

खडा निघाला, पण तिसऱ्या दिवशी ताप चढला. चार दिवस डॉक्टर घरी जेवायला गेले नाहीत. खाटेशी बसून मानाजीच्या छातीचं वरखाली होणं पाहत राहिले. ती जरा थबकली, की त्यांचाही श्वास अडे. पाचव्या सकाळी मानाजीला दरदरून घाम फुटला. त्यानं डोळे उघडले आणि भाकरी मागितली.

डॉक्टर उठले. बाहेर पडले, टेकडीच्या वाटेला लागले. पायात जोडेही नव्हते. ओट्यावर पाणी भरणाऱ्या सगुणाबाईनं त्यांना डोळे पुसताना पाहिलं, आणि तिच्या काळजात धस्स झालं. ती धावत आत गेली. मानाजी भाकरीच मागत होता. ती पुन्हा ओट्यावर आली, तेव्हा डॉक्टर पार टेकडीवरच्या बाभळींपर्यंत पोचले होते. ते दिसेनासे होईतो ती पाहत उभी राहिली.