निळ्या ठिपक्याकडे जाणारी वाट

तुम्ही मुळशीत प्लॉट बघायला जाता, सॅम्पल बंगल्यात बसून चहा पिता, तेव्हा समोरच्या भिंतीवरचं चित्र तिथं कसं आलं, हे कधी विचारलंत का?

मला त्यातलं एक चित्र माहीत आहे. मातकट तपकिरी कागद. खालच्या कडेपासून वर चढत गेलेल्या रेषा, काही दाबून ओढलेल्या, काही जेमतेम दिसणाऱ्या. वर उजवीकडे अंगठ्याएवढा निळा ठिपका. आता त्याला सोनेरी फ्रेम आहे. ते तिथं पोचलं माझ्यामुळे.

पौडच्या पुढं डोंगराच्या पोटाशी एक गाव आहे, तिथल्या शाळेत मी तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवते. बावधनहून बस, पिरंगुटला कारखान्यांचे कामगार उतरले की बसायला जागा, पौडहून वडापची जीप. पहिल्या दिवशी नववीला चित्र काढा म्हटलं, तर सगळ्या कागदांवर तेच आलं. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी आणि नारळाचं झाड.

“नारळ कुठं बघितलात रे इथं?”

“मॅडम, पुस्तकात हाय,” मागच्या बाकावरून उत्तर आलं. “काढलं की मार्क पडत्यात.”

तेव्हा ठरवलं, यांना अमूर्त चित्र शिकवायचं. चांगला कागद शाळेला परवडत नव्हता, म्हणून घरून जुन्या पत्रकांचे गठ्ठे आणले. आई-वडील चळवळीतले, त्यामुळे आमच्या घरी पत्रकं कायम उरलेली असायची. धरणाची, जमिनीची, मजुरीची. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता, आणि घरात शिकवण एकच होती, की गप्प बसणारा समोरच्याला मदत करतो. एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू कोरी. मुलांनी कोऱ्या बाजूवर काढायचं.

मी सांगितलं, “आज डोंगर नाही, झाड नाही, घर नाही, माणूस नाही. डोळे मिटा आणि रोजची एक वाट आठवा. डोळ्यांना दिसतं ते काढू नका, पायांना कळतं ते काढा. चढ असेल तिथं रेघ दाबा. भीती वाटते तिथं हात हलका सोडा. आणि कुणी विचारलं, याचा अर्थ काय, तर सांगा, याला अर्थ नसतो. हे बघायचं असतं.”

शेवटचं वाक्य मी टाळ्या मिळवायला म्हटलं होतं. ते एका मुलीनं मनावर घेतलं.

ती डोंगरावरच्या धनगरवस्तीतून यायची. वर चार घरं. वडील शेरडं-मेंढरं राखायचे, भातलावणीला खाली मजुरीला यायचे. तपकिरी रंग हवा म्हणून तिनं शाळेमागची माती डिंकात कालवली. निळ्याची ट्यूब संपलेली होती, ती तिनं कात्रीनं उभी चिरली, आत अंगठा फिरवला आणि कागदावर टेकवला. मग बराच वेळ तो अंगठा ती पुसेना. वर्गातलं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं. आजही मी तेच म्हणेन.

गावातल्या एका घराण्यानं वरचा उतार विकला होता. तिथं प्लॉट पडत होते. हिवाळ्यात साइटवरून निरोप आला, आमच्या सॅम्पल बंगल्यातला हॉल रिकामा आहे, मुलांचं प्रदर्शन भरवा, चहा-नाष्टा आमच्याकडून. मी नको म्हटलं. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, आपल्या भिंतींना ओल आहे. पोरांची चित्रं एकदा तरी कोरड्या भिंतीवर लागू देत.” मला ते पटलं. अजून पटतं, त्रास त्याचाच आहे.

साइटचे साहेब हातात चहाचा कप घेऊन भिंतीकडेनं फिरत होते. त्या चित्रापाशी थांबले. मुलगी बाजूलाच उभी होती.

“हे काय? कोंबडी चिखलातून चालली वाटतं.”

त्यांच्यामागचे दोघं हसले.

“अमूर्त हाय, सर,” ती म्हणाली. “अर्थ नसतो त्याला.”

“मग आमच्या जेसीबीवाल्याचाही सत्कार करा की. तो रोज डोंगरावर असंच काढतो.”

आता सगळेच हसले, आमची मुलंसुद्धा. माझं डोकं फिरलं. मी पुढं झाले.

“सांग ग यांना, काय आहे ते.”

ती माझ्याकडे वळली. “अर्थ नसतो, असं तुमीच म्हणला व्हता, मॅडम.”

“असतो. घाबरायचं नाही. मोठ्यानं सांग.”

तिनं मान खाली घातली आणि सांगायला लागली. ही खालची दाट रेघ म्हणजे मेंढरांची वाट. हितं कातळ लागतो, म्हणून हात हलका सोडलाय. ही वाटंची फांदी धरायची न्हाई, तिकडं नुसती करवंदाची जाळी हाय. ह्या बारक्या रेघेनं गेलं की खबदाडात झरा.

साहेबांनी कप टेबलावर ठेवला. “हा निळा?”

“व्हय.”

“उन्हाळ्यातपण पाणी असतं?”

“जेठात बी असतं. खालच्या हिरी आटल्या तरी त्यो न्हाई आटत.”

ते पुन्हा हसले नाहीत. मोबाइल काढून त्यांनी चित्राचा फोटो घेतला, मग वाकून जवळून आणखी एक. “व्हेरी गुड, बाळा,” म्हणाले आणि मला म्हणाले, “हे आमच्याकडे राहू द्या, मॅडम. फ्रेम करतो.” परतताना मी वडापमध्ये तिची पाठ थोपटली. आपण त्यांचं तोंड बंद केलं, असं मला वाटत होतं. ती खिडकीतून डोंगराकडे बघत होती आणि अंगठा ओढणीला पुसत होती. त्याच्यावर तेव्हा रंग नव्हता.

चार-पाच दिवसांनी वर्गाच्या खिडकीतून उतारावर चुन्याची पांढरी रेघ दिसली. ती साइटच्या कडेनं निघून वळत वळत, करवंदाची जाळी टाळून, झऱ्याच्या दिशेनं गेली होती. रोज थोडी लांबायची. मग तिच्यावर सिमेंटचे खांब उभे राहिले, खांबांत सिमेंटच्याच फळ्या बसल्या, भिंत उभी राहू लागली. मुलं वळून वळून बघायची आणि माझ्याकडे लक्ष गेलं की कागदात डोकं घालायची.

मुलीचे वडील शाळेच्या फाटकाशी भेटले. मी कागदपत्रांचं विचारलं, तहसीलदारांकडे अर्ज करू म्हटलं.

“कागुद न्हाई आमच्याकडं,” ते म्हणाले. “आमच्याकडं वाट हाय. ज्येंची जमीन व्हती त्यांनी कदी अडवलं न्हाई, झऱ्याचं त्यांना ठावंच न्हवतं.” मग म्हणाले, “पोरीला बोलायला शिकवलंत, लई बरं केलंत, मॅडम. कुटं गप ऱ्हायाचं त्ये बी शिकवायचं व्हतं.”



अर्ज मी केला. पोच मिळाली, बाकी काही नाही. साइटच्या नव्या माहितीपत्रकावर ते चित्र छापलंय आणि खाली ओळ आहे, ‘बारमाही नैसर्गिक झऱ्याच्या कुशीत.’

नववीचा चित्रकलेचा तास अजून होतो. ती येते. मागच्या आठवड्यात तिनं अख्खा कागद काळा करून दिला, कडेपर्यंत, एक रेघ नाही. शेजारणीनंही तसाच दिला. मग तिच्या मागच्यानं.

“यात काय आहे?” मी विचारलं.

“न्हाई सांगायची,” ती म्हणाली.

आत्ता फाल्गुन आहे. ओढ्याच्या डबक्यांत अजून पाणी आहे, मेंढरं तिथं उतरतात. वैशाखात तिथं नुसते गोटे असतील आणि मेंढरांना त्या झऱ्याशिवाय दुसरं पाणी नाही. भिंत जवळजवळ पूर्ण झाली आहे. एक गाळा तेवढा मोकळा आहे, फाटकासाठी. फाटक आलंय, खांबाला टेकवून ठेवलंय.

गावाचं नाव मी लिहीत नाही. एकदा वाट सांगायला लावली, तेवढं पुरे. पण तुमच्यापैकी कुणीतरी त्या हॉलमध्ये बसणार आहे, किंवा तशाच दुसऱ्या एखाद्या. तेव्हा एवढं करा. बुकिंगच्या फॉर्मवर सही करण्याआधी विचारा, इथलं पाणी आधी कोण पीत होतं? आणि लिहून मागा, की त्या माणसांना आणि त्यांच्या जनावरांना पाण्याची वाट कायम उघडी राहील. लिहून देत नसतील, तर पेन खाली ठेवा आणि उठा.